तू मागवलेला गेळाचा पाला

उज्जू, वराळ्याच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर छापलंय, ‘फुलपाखरांच्या थोर अभ्यासक’. फुलपाखरांच्या! कोपऱ्यात नेटवरून उचललेलं एक निळंशार फुलपाखरू, जे आपल्या देशात सापडतसुद्धा नाही, आणि मधोमध तुझा निवृत्तीच्या दिवशीचा तो फोटो, डोळे अर्धवट मिटलेला. मी रिक्षातून उतरले आणि तिथेच म्हणाले, “कप्पाळ माझं!” हारवाला वळून बघायला लागला. आयुष्यभर तू लोकांना सांगत आलीस की बाबांनो, मी पतंगांवर काम करते, संक्रांतीचे नव्हेत, दिव्यावर येतात ते, आणि त्यांतले कितीतरी भर दिवसाही उडतात. आणि लोकांनी शेवटी तुला फुलपाखरांत नेऊन बसवलं. तू असतीस तर मार्कर घेऊन स्टुलावर चढली असतीस. मला वाटलं, आपण चढावं. पण गुडघे धड नाहीत, आणि खरं सांगू का, तुझ्यावर इतकी चिडलेली होते की म्हटलं, राहू दे तसंच.

हो, चिडलेलीच. तुला जाऊन महिना होत आला तरी राग उतरत नाही. विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे पांढरे कपडे घालून बसले होते. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, मग एकेकाने उठून तुझ्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. मलाही उठवलं. “शमीम मॅडम, तुम्ही तर अगदी जवळच्या, दोन शब्द बोला.” मी उठले, माइक धरला आणि तशीच उभी राहिले. तू मला नेहमी म्हणायचीस, “शमे, तुझ्या तोंडाला कुलूप घातलं पाहिजे.” लागलं बघ कुलूप. मावशींनीच, म्हणजे तुझ्या आईनेच, माझा पदर ओढून मला खाली बसवलं. तिथे जे बोलता आलं नाही ते आता इथे लिहितेय, आणि ते सगळं चांगलं चांगलं नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. कॉलेजात तू खालच्या मजल्यावर प्राणिशास्त्रात, मी वर वनस्पतिशास्त्रात. एक दिवस तू जिना चढून आलीस, माझ्या टेबलावर एक कुरतडलेलं पान ठेवलंस आणि विचारलंस, “हे कशाचं?” ना ओळख ना पाळख. मी म्हटलं, “मॅडम, फूल आणा, फळ आणा, निदान एक फांदी आणा. उष्ट्या पानावरून झाड ओळखत नसतात.” तू शांतपणे म्हणालीस, “माझी अळी फूल खात नाही. तिने जेवढं शिल्लक ठेवलं तेवढं आणलंय.” आणि समोरची खुर्ची ओढून बसलीस. हलायलाच तयार नाही. शेवटी मी चरफडत भिंग काढलं.

तेव्हापासून तुझी उष्टी पानं माझ्या नशिबी आली. डब्यातून, रुमालातून, एकदा तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून. प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये तू टेबलाखालून माझ्या हातात पान सरकवायचीस आणि मी ते चुरगळून वास घ्यायचे. पण एक कबूल करते, जे तुझ्यासमोर कधीच केलं नाही. फुलावरून झाड कोणीही सांगेल. देठाजवळची गाठ, शिरांची ठेवण, तोडल्यावर येणारा चीक, एवढ्यावरून झाड ओळखायला मी तुझ्या त्या हट्टामुळे शिकले. माझ्या विषयातली जी काही बरी समज मला आली, ती तुझ्या अळ्यांच्या खरकट्यातून आली. हे मी तुला सांगायला हवं होतं. मी मात्र “परत आलीस का कचरा घेऊन” एवढंच म्हणत राहिले.

लोकांना वाटायचं, तू अळ्या पाळतेस म्हणजे तुला नाद लागलाय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अळी नुसती बघून तिचा पतंग कोणता हे बहुतेक वेळा कळत नाही. ती वाढवावी लागते. वाढवायची तर ती ज्या झाडावर जगते त्याच झाडाचा ताजा पाला रोज द्यावा लागतो. दुसरा दिला तर कित्येक जणी तोंड लावत नाहीत, उपाशी मरतात. म्हणून तुझ्या बाल्कनीत शेजाऱ्यांसारखी कपड्यांची दोरी नव्हती. आइस्क्रीमचे रिकामे डबे होते, तोंडाला मलमल बांधलेले, आत फांदी आणि तळाला माती. पतंग निघाला की पंख बघायचे, मग मारून टाचणीवर लावायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली पोटाचा शेवट उघडून जाती ठरवायची. तू हसून म्हणायचीस, “आमच्या आजोबांनी छप्पन साली जात टाकून दिली, आणि नात बसलीय किड्यांच्या जाती शोधत.”

आणि मावशी आतून म्हणायच्या, “सकाळच्याला शील घेतीस आन् दुपारच्याला किडं मारतीस व्हय गं? कुटं फेडशील?”

“आई, ते शास्त्र आहे.”

“आसंल. त्या किड्याला कुटं म्हाईत हाय शास्तर?”

यावर तू डबे पुसायला घ्यायचीस. एरवी तू कोणाला सोडत नव्हतीस. तुमच्या सोसायटीच्या चेअरमनने कुंपणाच्या अनंताला औषध मारायला माणूस आणला तेव्हा तू झाडासमोर जाऊन उभी राहिलीस. “मॅडम, झाडाला किडे पडलेत,” ते म्हणाले. तू म्हणालीस, “ते तुमच्या आधीपासून इथे राहतात. मेंटेनन्स मागू नका म्हणजे झालं.” बिचारे चेअरमन! परवा कार्यक्रमात सगळ्यात जास्त तेच रडले.

त्या अनंतावरच तर आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण वाढलं. त्यावर एक हिरवी अळी यायची, शेपटीवर शिंग असलेली. तिचा पतंग भुंग्यासारखा दिसतो, दिवसा उडतो आणि त्याचे पंख काचेसारखे आरपार. कोषातून निघतो तेव्हा पंखांवर करडी पूड असते. पहिल्यांदा पंख थरथरवले की ती झडून जाते. मला तू ते पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी “या अल्ला” म्हणाले होते आणि तू खूश झाली होतीस, जसं काही तूच ते बनवलंयस. तशीच अळी तुला लोणावळ्यात सापडली, तुंगार्ली तलावाच्या वरच्या उतरणीवर, गेळाच्या झाडावर. गेळ म्हणजे ते काटेरी, ज्याच्या फळाने पूर्वी ओढ्यात माशांना भूल द्यायचे. तुझं म्हणणं, डोंगरावरच्या या अळीची रेघ वेगळी, पतंगाचा पट्टा अरुंद, ही वेगळी जाती आहे. माझं म्हणणं, डोंबल! अनंत आणि गेळ एकाच कुळातले, पाला वेगळा म्हणून रंग थोडा वेगळा, बाकी जाती एकच. तुला सगळीकडे दोन दिसायचे आणि मला एक.

मी खनपटीला बसायचे, “इतकी खात्री आहे ना? मग डोंगरावरच्या अळ्यांना अनंत घाल. खाल्ला तर मी जिंकले.”

“आणि नाही खाल्ला तर? उपाशी मारू त्यांना?”

“पतंग झाल्यावर बाटलीत घालून मारतेसच की!”

“मारणं वेगळं शमे, उपाशी ठेवणं वेगळं.”

यातला फरक मला कधी पटला नाही. आणि तुला तो कधी नीट सांगता आला नाही. चहा गार व्हायचा, मावशी म्हणायच्या “भांडा गं भांडा, कामंधंदं न्हाईत तुमाला,” आणि मी उठून बेगडेवाडीची गाडी पकडून घरी यायचे, डोकं तापलेलं आणि मन एकदम बरं.

मग तुला दुखणं आलं. त्याचं नाव मी इथे घेणार नाही, बास झालं त्याचं कौतुक. पण ते किती पुढे गेलंय हे मला तुझ्या रिपोर्टवरून नाही कळलं. गेल्या वर्षी पतंग निघाले आणि तू त्यांतला एकही ठेवला नाहीस. मलमल सोडलीस, फोनवर फोटो काढलेस आणि सगळे जाऊ दिलेस. मी ओरडले, “अगं, नमुना नसेल तर तुझी वेगळी जाती कोण मानणार? फोटोवरून कोणी मानतं का?” तू म्हणालीस, “नको मानू देत.” तू! एका रेघेसाठी माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलेली बाई! घरी जाऊन मी नमाजाच्या चटईवर बसून राहिले आणि मला काही मागताच येईना.

म्हणून या पावसाळ्यात तू स्वतःहून म्हणालीस की पुन्हा गेळावरच्या अळ्या आणू, या वेळी एक जोडी ठेवू आणि हे प्रकरण संपवून टाकू, तेव्हा मला वाटलं, आली माझी उज्जू परत. आपण रिक्षा करून वर गेलो. तू दगडावर बसून बोट दाखवत होतीस, मी काट्यांत हात घालत होते. तू मला म्हणालीस, “वनस्पतीवाल्यांना फांदीसुद्धा धरता येत नाही.” आपण हसलो. मी इतकी मूर्ख की मला वाटलं, हे आता असंच चालणार.

आठवड्याभरात तू हॉस्पिटलात. घरी अळ्यांना पाला घालायचं काम मावशींकडे आणि डोंगरावरून पाला आणायचं माझ्याकडे. तो मी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये ठेवायचे; आमच्याकडे एकदा तो मेथी समजून निवडायला घेतला होता. मी रोज दवाखान्यात येऊन तुला अळ्यांच्या बातम्या द्यायचे. मोठ्या झाल्या. कात टाकली. एक पळाली, ती मावशींना देवळीत, बुद्धाच्या मूर्तीमागे सापडली. हे ऐकून तू इतकी हसलीस की सिस्टर धावत आली.

आणि मग ती सकाळ. तू उशीला टेकून बसली होतीस. चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. म्हणालीस, “शमे, गेळाचा पाला संपलाय. आज जाऊन ये.”

मी म्हटलं, “उद्या जाते. आज तुझ्याजवळ बसते.”

“नको. उपाशी राहतील त्या. आणि कोवळा नको आणूस, जून पाला आण, आता मोठ्या झाल्यात.” मी पर्स उचलली तेव्हा म्हणालीस, “घाई करू नकोस. आरामात ये.”

आरामात ये. इतक्या वर्षांत तू मला हे एकदाही म्हणाली नव्हतीस. पाला आणायचा म्हणजे “पळ, सुकेल” हेच. मला तिथेच कळायला हवं होतं असं आता वाटतं, पण कसं कळणार होतं? तू जून आणि कोवळा यांत मला गुंतवलंस. मी दारातून म्हणाले, “आले की तुला एक सांगायचंय.” तू मान हलवलीस.

काय सांगायचं होतं तेही ऐक. गाडीत कामशेत गेलं तसं मी ठरवून टाकलं की परत आले की म्हणायचं, “असतील बाई दोन जाती. तू जिंकलीस.” मला अजूनही वाटतं, एकच आहे. पण मी खोटं बोलणार होते. नीट, तुझ्या डोळ्यांत बघून. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, पॉइंट दाखवू का सगळे?” मी म्हटलं, “गेळ दाखव.” त्याला वाटलं, नवीन पॉइंट निघाला. हे तुला सांगायचं म्हणून मी रस्ताभर मनात घोळवत होते. वर रेंज नव्हती. उतरणीवर कोणीतरी प्लॉट पाडायला सिमेंटचे खांब रोवलेत, तारही ओढलीय. त्या तारेखालून वाकून मी पाला तोडला. हातावर ओरखडे आले. जून पान, एकेक निवडून. तू सांगितलंस तसं, आरामात.

खाली रिक्षात बसले आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना.

मी पोचले तेव्हा मावशी तुझ्या पायाशी बसल्या होत्या. त्याही नुकत्याच आल्या होत्या. सकाळी मी निघाले तेव्हा त्या खाली चहाला गेल्या होत्या; वर आल्यावर तू त्यांनाही घरी पाठवलं होतंस, अंघोळ कर, वंदना कर, मग ये म्हणून. सिस्टर म्हणाली, “मॅडम म्हणाल्या, मी जरा झोपते, कोणी येऊ नका.” मी माझं काय ते पुटपुटले, मावशी त्यांचं. पाल्याची पिशवी माझ्या हातातच होती. कोणीतरी ती घेऊन खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, मला एकदम तुझ्या अळ्या आठवल्या. म्हटलं, निदान त्या तरी उपाशी नकोत. पिशवी घेऊन मी तुझ्या बाल्कनीत गेले आणि मलमल सोडली. फांद्या मोकळ्या. एक अळी नाही. मी मावशींना हाक मारली.

“त्या व्हय? त्या कवाच मातीत गेल्या की,” मावशी म्हणाल्या. “अंग तांबूस झालं, पाल्याला त्वांडच लावंनात. नुसत्या पळत व्हत्या डब्यात. म्या घाबरले. उज्जीला फोन केला.”

“कधी, मावशी?”

“ती जायच्या आदल्या दिशी. सांजच्याला.”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हनली, बरं झालं आई. झालं त्यांचं खाऊन. आता त्यांना पाला नको.”

मी तिथेच फरशीवर बसले. मावशी हळू म्हणाल्या, “मलाबी पाठवलं, तुलाबी पाठवलं.” त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.

मी स्वतःला खूप समजावलं. गुंगीच्या औषधात विसरली असेल म्हटलं. पण जी बाई आदल्या संध्याकाळी सांगते की आता पाला नको, ती सकाळी केस विंचरून बसते आणि जून पाला आण म्हणते, ती विसरलेली नसते. तुला ठाऊक होतं की मला दुसऱ्या कशासाठी पाठवलं असतं तर मी गेले नसते. औषध आणायला गेले नसते, डॉक्टरांना बोलवायला गेले नसते, कोणाला तरी पाठवलं असतं. अळ्या उपाशी राहतील म्हटलं की शमीम जाते. आपलं एवढ्या वर्षांचं जे काही होतं, ते तू मला दाराबाहेर काढायला वापरलंस.

कोषांचं म्हणशील तर ऐक. मी रोज माती ओलसर ठेवली. मावशींनी वंदनेच्या वेळी डबे देवळीजवळ आणून ठेवले. गेल्या आठवड्यात मलमलीखाली हालचाल दिसली आणि मी अक्षरशः धावले. माशा होत्या. राखाडी, केसाळ माशा. डोंगरावरच कधीतरी त्यांच्या आईने अळीवर अंडी घातली असणार, पिल्लं अळीला आतून खात वाढली असणार आणि आपण त्यांनाच पाला घालत बसलो होतो. उरलेले कोष मी हातात घेतले तर हलके, वाळलेले. एकही पतंग नाही. जोडी नाही, नमुना नाही. उतरणीवर तार ओढून झालीय, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते गेळ राहत नाही. म्हणजे एक की दोन हे आता कोणालाच कळणार नाही. तू जिंकली नाहीस, मी जिंकले नाही. मला वाटलं होतं, हे तुझं काम मी पुढे नेईन. काय नेऊ? मला पतंग मारता येत नाही, उघडता येत नाही, मला फक्त पान ओळखता येतं.

आणि कोणी मला समजवायला येऊ नये की अळीसुद्धा शेवटी झाड सोडते, एकटीच चालत जाते आणि मातीत शिरते. एका कॉलेजातल्या बाईंनी फोनवर असलं काहीतरी सुरू केलं तेव्हा मी फोन ठेवून दिला. अळी पुन्हा बाहेर येण्यासाठी जाते.

तुला भीती वाटत होती का गं? माझं रडणं नको होतं? की मावशींसमोर जीव जायला नको होता, आणि एकीला काढायचं तर दुसरीलाही काढावं लागलं? विचारते आहे, पण उत्तर कोण देणार. मी रोज मनाला सांगते की मी असते तर काही बोलले नसते, नुसती बसले असते. हेही खोटं. मी बडबडले असते, सिस्टरशी भांडले असते, तुझा हात धरून ठेवला असता, “असतील दोन, असतील दोन” म्हणत राहिले असते आणि तुला सुखाने जाऊ दिलं नसतं. तू मला खरं कारण सांगितलं असतंस तर मी खोलीतून हललेच नसते. म्हणूनच तू सांगितलं नाहीस.

हे मला कळतं, उज्जू. कळून काही उपयोग होत नाही.